रस्त्याकडेचं घर, अंगातली जनुकं आणि हृदय

धुराने खोकला होतो, दमा बळावतो, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. हृदयाचं नाव मात्र त्या यादीत सहसा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब पाहिला तर चित्र उलटं आहे. २०१९ साली बाहेरच्या दूषित हवेमुळे जगभरात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले आणि त्यातले सुमारे ६८ टक्के हृदयविकार आणि पक्षाघाताने झाले. फुप्फुसांच्या कर्करोगाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास होता. हवा नाकातून आत शिरते, पण तिचा सर्वात मोठा घाव रक्तवाहिन्यांवर बसतो.

यातूनच पुढचा प्रश्न येतो. एकाच मोठ्या रस्त्याला लागून शंभर माणसं वीस वर्षं राहतात, पण सगळ्यांच्या धमन्या सारख्या खराब होत नाहीत. वय, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांनी या फरकाचा बराच भाग उलगडतो. उरलेल्यातला काही भाग जनुकांमध्ये आहे. तो नेमका कसा काम करतो आणि ते कळल्यावर आपण काय करायचं, हे एकेक करून पाहू.

आधी रस्ता समजून घेऊ. वाहनांतून तीन तऱ्हेची घाण बाहेर पडते. पहिली म्हणजे इंजिनातून येणारी काजळी आणि अतिसूक्ष्म कण. दुसरी नायट्रोजन डायऑक्साइडसारखे वायू. तिसरी ब्रेक आणि टायर झिजून उडणारी, धातूंचे अंश असलेली धूळ. ही तिसरी घाण विजेवर चालणाऱ्या गाड्यांतूनही येते, म्हणून धूर थांबला की सगळं संपलं असं होत नाही. ‘पीएम २.५’ म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. अतिसूक्ष्म कण तर ०.१ मायक्रोमीटरपेक्षाही लहान असतात. एकूण वजनात त्यांचा हिस्सा नगण्य, पण संख्येने तेच सर्वात जास्त. हवेच्या रोजच्या निर्देशांकात त्यांची मोजणी होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. निर्देशांक ‘बरा’ दाखवत असतानाही रस्त्याकडेच्या खिडकीत या कणांची दाटी असू शकते.

अंतर वाढलं की हे कण झपाट्याने विरळ होतात. लॉस एंजेलिसच्या महामार्गांजवळ २००२ साली केलेल्या मोजणीत साधारण ३०० मीटरवर त्यांची संख्या आसपासच्या सामान्य हवेइतकी खाली आलेली दिसली. म्हणूनच मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरचा पट्टा सर्वाधिक बाधित मानतात. हा आकडा दिवसाचा आहे. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि वर मिसळत नाही. त्यामुळे सूर्योदयापूर्वी हा पट्टा एक-दोन किलोमीटरपर्यंत पसरू शकतो. सॅन्टा मोनिका इथल्या महामार्गाजवळ पहाटेच्या मोजणीत वाऱ्याच्या दिशेने दोन किलोमीटरहून पुढेही वाढलेले कण सापडले होते. पहाटेची हवा सर्वात स्वच्छ असते ही समजूत महामार्गाच्या शेजारी खरी नाही.

हे कण हृदयापर्यंत पोचतात कसे? एक वाट थेट आहे. एडिंबरा इथल्या संशोधकांनी २०१७ साली स्वयंसेवकांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण श्वासातून दिले. सोनंच का, तर काजळी म्हणजे कार्बन, आणि शरीरातल्या कार्बनमधून ती वेगळी ओळखणं अवघड. सोनं मात्र निष्क्रिय असतं आणि सहज मोजता येतं. पंधरा मिनिटांपासून चोवीस तासांच्या आत ते रक्तात आणि लघवीत सापडलं आणि तीन महिन्यांनंतरही शिल्लक होतं. कण जितके लहान, तितके जास्त आत गेले. मानेतल्या धमनीची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा काही रुग्णांच्या बाबतीत हे सोनं धमनीतल्या चरबीच्या थरात जाऊन बसलेलं आढळलं. म्हणजे जिथे आधीच दुखणं आहे, नेमकं तिथेच.

दुसरी वाट दाहाची. फुप्फुसातल्या भक्षक पेशी कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. मग त्या इशाऱ्याची रसायनं सोडतात. ती रक्तात उतरतात, धमनीचं अस्तर चिडतं, रक्त थोडं अधिक गुठळीखोर होतं. कणांवरच्या धातूंमुळे आणि सेंद्रिय रसायनांमुळे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात, ते ‘एलडीएल’ म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल बिघडवतात आणि असं बिघडलेलं एलडीएल धमनीच्या भिंतीत जास्त सहज साचतं. तिसरी वाट मज्जातंतूंची, आणि तिचा परिणाम काही तासांतच दिसतो. श्वासमार्गातल्या संवेदक टोकांना त्रास झाला की हृदयावर ताबा ठेवणाऱ्या नसांचा तोल ढळतो आणि रक्तदाब वाढतो.

नुकसान लगेच होतं का सावकाश, असं विचारलं तर दोन्ही. जर्मनीतल्या ऑग्सबर्ग परिसरात हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्यांना आदल्या काही दिवसांच्या हालचाली विचारल्या गेल्या. रहदारीत घालवलेल्या वेळेनंतरच्या तासाभरात झटक्याची शक्यता जवळजवळ तिप्पट दिसली. मोटारीतच नव्हे, सार्वजनिक वाहनातून जाणाऱ्यांत आणि सायकलवाल्यांतही हा संबंध होता. २००७ च्या एका प्रयोगात स्थिर हृदयविकार असलेल्या वीस पुरुषांना एक तास पातळ केलेल्या डिझेलच्या धुरात मधूनमधून व्यायाम करायला लावला. शुद्ध हवेच्या तुलनेत धुराच्या दिवशी हृदयाच्या आलेखात रक्तपुरवठा कमी पडल्याची खूण जास्त उमटली, आणि गुठळी विरघळवणारा शरीरातला नैसर्गिक पदार्थ कमी स्रवला. सावकाश होणाऱ्या नुकसानीसाठी जर्मनीच्या रूर भागातला अभ्यास पाहावा. तिथे साडेचार हजारांच्या आसपास लोकांच्या हृदयधमन्यांतला चुन्याचा (कॅल्शियमचा) थर स्कॅनवर मोजला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांत तो थर जास्त असण्याची शक्यता २०० मीटरपलीकडच्यांपेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त निघाली.

आता जनुकांकडे वळू. इथे दोन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते, आणि ती सोडवल्याखेरीज पुढचं काही कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे आईवडिलांकडून आलेला हृदयविकाराचा कल. प्रदूषण असो वा नसो, तो असतोच. त्याचं सर्वात ठळक रूप म्हणजे आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉल. एलडीएल रक्तातून उचलून नेणाऱ्या यंत्रणेच्या एखाद्या जनुकात दोष असतो आणि साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो. ‘लायपोप्रोटीन ए’ हा एलडीएलसारखाच कोलेस्टेरॉल वाहणारा कणही जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो. तो पाचातल्या एकाच्या रक्तात जास्त असतो आणि आहाराने फारसा हलत नाही. याशिवाय शेकडो जागी बारीकसारीक फरक असतात. एकेकटा अगदी किरकोळ, पण सगळे मिळून वजनदार. नवव्या गुणसूत्रावरची २००७ साली सापडलेली ९पी२१ ही जागा त्यातलीच सर्वात प्रसिद्ध.

दुसरी गोष्ट निराळी आहे. काही जनुकीय फरक स्वतःहून फारसं नुकसान करत नाहीत, पण धुराचा मारा सुरू झाला की माणूस किती तग धरेल हे ठरवतात. ‘जीएसटीएम१’ हे त्याचं चांगलं उदाहरण. हे जनुक ऑक्सिजनचे आक्रमक रेणू आणि विषारी रसायनं निकामी करणारं एन्झाइम बनवतं. गंमत म्हणजे कितीतरी लोकांत हे जनुक पूर्ण गायब असतं. युरोपीय वंशाच्या लोकांत तर जवळपास निम्म्यांत. ते नसलं तरी माणूस निरोगी जगतो, कारण इतर एन्झाइमं त्याचं काम थोडंफार उचलतात. बोस्टनच्या वयस्क पुरुषांवरच्या एका दीर्घ अभ्यासातल्या ४९७ जणांचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होत असतं. हा चढउतार नसांच्या ताब्याची खूण आहे आणि तो घटणं चांगलं नाही. आदल्या ४८ तासांत पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने जास्त असेल, तर जीएसटीएम१ नसलेल्यांत या चढउताराचा एक महत्त्वाचा भाग ३४ टक्क्यांनी कमी दिसला. जनुक असलेल्यांत तो परिणाम दिसला नाही. आणखी एक बारकावा फार मोलाचा आहे. जनुक नसूनही जे स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी घेत होते, त्यांच्यात धुराचा हा परिणाम पुसला गेला होता. जनुकात उणीव आहे म्हणून नुकसान अटळ आहे असं नाही, हे यातून नीट कळतं.

रस्त्याच्या अंतराशी थेट जोडलेलं काम अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णांवर झालं. हृदयाची कॅथेटर तपासणी (धमनीतून बारीक नळी घालून केलेली) झालेल्या रुग्णांचं रक्त आणि माहिती तिथे जमवलेली होती. संशोधकांनी घर ते मोठा रस्ता हे अंतर मोजलं आणि संपूर्ण जनुकसंच चाळला. जनुक आणि अंतर एकत्र आल्यावरच उठून दिसेल अशी जागा ते शोधत होते. २०१६ साली ‘बीएमपी८ए’ या जनुकाजवळचा एक फरक समोर आला. तो असलेल्यांत रस्त्याजवळ राहणं आणि पायांच्या धमन्या अरुंद होणं यांचा संबंध जास्त घट्ट दिसला. बीएमपी हे प्रथिनांचं कूळ मुळात हाडं घडवण्याच्या कामामुळे ओळखलं गेलं. धमनीच्या भिंतीत चुना साचण्याची क्रिया हाड बनण्याच्या क्रियेशी बरीच मिळतीजुळती आहे, त्यामुळे हा दुवा जीवशास्त्राच्या दृष्टीने पटण्यासारखा आहे. तरी हे रुग्ण आधीच हृदयाच्या तपासणीला आलेले होते, एका भागातले होते. असा निष्कर्ष इतर देशांत, इतर वंशांच्या लोकांत पुन्हापुन्हा दिसायला हवा. तोवर तो दिशा दाखवतो, निदान करत नाही.

एवढं वाचल्यावर मनात येतं की आपणही जनुकांची तपासणी करून घ्यावी, म्हणजे धूर आपल्याला किती बाधतो ते कळेल. आमचं स्पष्ट मत आहे की निव्वळ या कारणासाठी ती करू नये. कारण समजायला थोडं गणित हवं. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, सर्वसाधारण जनुकांच्या आणि रस्त्यापासून लांब राहणाऱ्या हजार माणसांत दहा वर्षांत ४० जणांना हृदयविकार होतो. तेच लोक रस्त्याजवळ राहिले तर ५० जणांना. म्हणजे १० जास्त, किंवा सव्वापट. आता जन्मजात कल जास्त असलेले हजार जण घ्या. लांब राहूनही त्यांच्यातल्या ८० जणांना आजार होतो. रस्त्याजवळ आल्यावर काय होईल? धूर आणि जनुकं आपापलं नुकसान वेगवेगळं करत असतील तर ८० अधिक १०, म्हणजे ९०. सव्वापट हे प्रमाण कायम राहिलं तर १००. आणि दोघं एकमेकांना खरोखर चिथावत असतील, तर ११०, १२० किंवा त्याहूनही जास्त. संशोधक ज्याला ‘आंतरक्रिया’ म्हणतात, ती ही शेवटची स्थिती. ती पक्की सिद्ध करायला प्रचंड माणसं लागतात आणि प्रत्येकाने वर्षानुवर्षं किती धूर घेतला याची बिनचूक मोजणी लागते. घराचा पत्ता ही त्याची फार ढोबळ मापपट्टी आहे, कारण माणूस दिवसातले कितीतरी तास घराबाहेर असतो.

पण या उदाहरणातली दुसरी बाजू जास्त कामाची आहे. चिथावणी अजिबात नसली, प्रमाण सर्वांना सारखंच सव्वापट असलं, तरी पहिल्या गटात १० माणसं वाढली आणि दुसऱ्यात २०. ज्याची मूळ जोखीम मोठी, त्याचं धुराने होणारं नुकसानही मोठं आणि हवा सुधारल्याचा फायदाही त्यालाच जास्त. मग जोखीम जनुकांमुळे वाढलेली असो, मधुमेहामुळे असो की सिगारेटमुळे. ही मूळ जोखीम ओळखायला महागड्या जनुकीय चाचणीची गरज नसते.

ती ओळखायची कशी? घरातल्या पुरुषांपैकी वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तदाब, साखर आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या. एलडीएल दर डेसिलिटरला १९० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल तर आनुवंशिक दोषाचा संशय घ्यायलाच हवा. दोष निघाला तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून मुलांचीही तपासणी लागते. लायपोप्रोटीन ए आयुष्यात एकदा मोजलं तरी बहुतेकांना पुरतं. दर डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा दर लिटरला १२५ नॅनोमोलपेक्षा जास्त असेल तर बाकी सगळ्या गोष्टी अधिक काटेकोर ठेवाव्यात. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की मोकळी होते, अशी तक्रार असेल तर घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर मोजायला सांगा. ते ०.९ पेक्षा कमी आलं तर पायाची धमनी अरुंद झाल्याची दाट शक्यता असते. बरेच लोक हे दुखणं वयाचं म्हणून सोडून देतात.

जन्मजात कल जास्त असलेल्यांनी हात टेकू नयेत, याला ठोस आधार आहे. २०१६ साली ५५ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. जनुकीय जोखीम सर्वाधिक असलेल्यांत हृदयविकार सर्वात कमी जोखमीच्या गटापेक्षा ९१ टक्के जास्त होता. पण त्याच उच्च जोखमीच्या गटात धूम्रपान नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम आणि चांगला आहार, यांतल्या किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांची जोखीम बेशिस्त राहणाऱ्यांपेक्षा सुमारे ४६ टक्के कमी होती.

आता हवा. घर बदलणं बहुतेकांच्या हातात नसतं, म्हणून घरातलीच व्यवस्था नीट लावायची. नकाशाच्या अ‍ॅपवर झोपायच्या खोलीपासून सर्वात जवळच्या वाहत्या रस्त्यापर्यंतचं सरळ अंतर मोजा. ट्रक आणि बस सतत जात असतील, जवळ सिग्नल किंवा चढ असेल तर तेवढ्याच अंतरावर धूर जास्त येतो, कारण थांबून पुन्हा निघताना इंजिन जास्त घाण ओकतं. झोपायची खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूला घ्या. दिवसाचा तिसरा हिस्सा तिथेच जातो आणि आवाजही कमी होतो. रात्रीचा आवाज स्वतंत्रपणे रक्तदाब वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेची युरोपसाठीची शिफारस रात्री रस्त्याचा आवाज ४५ डेसिबलच्या आत ठेवण्याची आहे. रस्त्याकडच्या खिडक्या गर्दीच्या वेळा आणि पहाट सोडून उघडा, म्हणजे साधारण ऊन चढल्यावर आणि वारा सुटल्यावर. दिवसभर बंद ठेवणं बरोबर नाही, स्वयंपाकाचा धूर आणि दमट हवा आत कोंडते.

एअर प्युरिफायर उपयोगी आहे, पण निवड चुकली की पैसे वाया जातात. शांघायमध्ये ३५ निरोगी विद्यार्थ्यांच्या खोल्यांत ४८ तास प्युरिफायर लावून पाहिले. पीएम २.५ सुमारे ५७ टक्क्यांनी कमी झालं आणि वरचा रक्तदाब २.७ टक्क्यांनी उतरला. मशिन ‘हेपा’ म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या फिल्टरचं हवं. क्षमता अशी काढा: खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा, येणाऱ्या घनफळाला ५ ने गुणा. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर, म्हणजे मशिनने तासाला किमान १८० घनमीटर स्वच्छ हवा द्यायला हवी. हा आकडा ‘सीएडीआर’ या नावाने खोक्यावर छापलेला असतो. तो बहुधा सर्वात जोराच्या वेगाचा असतो. रात्री आवाज नको म्हणून मंद वेगावर ठेवणार असाल तर एक आकार मोठं मशिन घ्या. दार उघडं ठेवणं, भिंतीला चिकटवून हवेची वाट अडवणं आणि भरलेला फिल्टर न बदलणं या तीन चुका सर्रास होतात. हेपा वायू अडवत नाही. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, पातळ काळ्या जाळीने फारसं काही होत नाही. ओझोन सोडणारी यंत्रं मात्र घरात आणूच नयेत, ओझोन स्वतःच श्वासमार्गाला इजा करतो.

गाडीत असताना गर्दीच्या रस्त्यावर आतलीच हवा फिरवण्याचं बटण लावा, पण दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडा वेळ बाहेरची हवा घ्या, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साठून डोकं जड होतं. पुढच्या ट्रकच्या मागे चिकटून राहू नका. मास्क वापरायचा तर एन९५ आणि तोही गालाला घट्ट बसणारा. दाढीवर तो नीट बसत नाही, आणि वायू त्यातून आत जातातच.

व्यायाम थांबवू नका, वाट बदला. लंडनमध्ये साठीच्या पुढच्या ११९ लोकांना एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि एकदा हाइड पार्कमध्ये दोन तास चालवलं. त्यांत निरोगी, फुप्फुसांचे आणि हृदयाचे असे तिन्ही प्रकारचे लोक होते. बागेत चालल्यावर फुप्फुसांना आणि धमन्यांच्या लवचिकतेला जो फायदा झाला, तो रहदारीच्या रस्त्यावर बराचसा हरवला. एक गल्ली आत सरकून समांतर रस्ता धरला तरी फरक पडतो.

हृदयविकार असलेल्यांनी वाईट हवेच्या दिवशी गोळ्या चुकवू नयेत, जड काम पुढे ढकलावं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप असं काही झालं तर प्रदूषणाचा त्रास असेल म्हणून वाट न पाहता तातडीने दवाखाना गाठावा.

बीजिंगमध्ये २००८ च्या ऑलिंपिकसाठी वाहनं आणि कारखाने काही आठवडे आवरले गेले, तेव्हा १२५ तरुण, निरोगी डॉक्टरांच्या रक्तातल्या गुठळीशी संबंधित काही खुणा सुधारल्या. खेळ संपून हवा पुन्हा बिघडली आणि त्यातल्या बऱ्याच खुणा मागे फिरल्या. त्या काही आठवड्यांत त्यांची जनुकं तीच होती, बदलली होती ती फक्त हवा.